महिन्याचं पिल्लू आणू नका. आईजवळचे आठ आठवडे हीच त्याची शाळा

मंठाळ (ता. बसवकल्याण, जि. बीदर) : बैल घ्यायचा म्हटलं की आपल्याकडचा माणूस बाजारात आधी दात बघतो. मग खूर, शिंगं, चाल. म्हैस असेल तर दोन वेळची धार समोर काढून बघतो आणि एखादा जाणता माणूस सोबत नेतो. कुत्र्याचं पिल्लू मात्र आपण कसं आणतो? मोबाईलवर फोटो बघितला, भाव ठरला, मोटारसायकलच्या हँडलला पिशवी अडकवली आणि संध्याकाळी पिल्लू अंगणात. वय विचारलं तर "महिन्याचं आसंल" एवढंच उत्तर.

मुधोळ आणि कारवानी कुत्र्यांची मागणी वाढली तसं हे महिन्याचं पिल्लू आपल्या भागात नेहमीचं झालं आहे. शेतात राखणीला कुत्रं पाहिजे, यात गैर काही नाही. पण महिन्याचं पिल्लू आणणं म्हणजे पहिलीतल्या पोराला शाळेतून काढून कामाला लावण्यासारखं आहे. नव्या घरी जाण्याआधीच्या आठ आठवड्यांत पिल्लाचं काय काय घडतं, ते कोणी घडवायचं आणि त्याचा खर्च कोणी सोसायचा, हे समजून घेण्यासारखं आहे.

आधी माझंच सांगतो. काही वर्षांपूर्वी मी बत्तीस दिवसांचं कारवानी पिल्लू आणलं. पाचव्या दिवशी त्यानं खाणं सोडलं. मग उलट्या, मग रक्ताची हगवण. डॉक्टरांनी सलाईन लावलं, 'पार्वो' म्हणाले. दोन रात्री घरात कोणी झोपलं नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे ते गेलं. मी बरेच दिवस विकणाऱ्याच्या नावानं बोटं मोडली. पण खरं सांगायचं तर घेताना लसीचं मी विचारलंच नव्हतं. डॉक्टरांनी जाता जाता बजावलं की वर्षभर या अंगणात दुसरं लहान पिल्लू आणू नका, हा विषाणू मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतो. तेही मला तेव्हाच कळलं.

मुधोळ म्हणजे कुठलं मुधोळ?

आपल्या भागात मुधोळ म्हटलं की कुणाला औरादकडचं मुधोळ आठवतं, कुणाला सेडमकडचं. कुत्र्याचं मुधोळ ते नव्हे. ते बागलकोट जिल्ह्यातलं, घोरपड्यांच्या जुन्या संस्थानाचं गाव. तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही शिकारी जात जपली, वाढवली आणि ब्रिटनचे राजे पाचवे जॉर्ज यांना भेट दिली. तेव्हापासून 'मुधोळ हाउंड' हे नाव रूढ झालं. लातूर, धाराशिव, सोलापूर या बाजूला याच जातीच्या कुत्र्याला कारवानी म्हणतात. अंगावर, कानावर लांब केस असतील तर पश्मी. खंडोबाच्या पायाशी घोड्यासोबत कुत्रा असतोच, त्यामुळे भालकी तालुक्यातल्या खानापूरच्या मैलार मल्लण्णाला जाणाऱ्या आपल्या लोकांना कुत्र्याचं वावडं कधी नव्हतं. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत तर श्वान प्रदर्शनच भरतं.

मुधोळजवळ तिम्मापूर इथे या जातीचं संशोधन आणि पैदास केंद्र आहे. ते चालवतं कोण? आपल्याच बीदरचं पशुवैद्यकीय, पशुसंगोपन आणि मत्स्यविज्ञान विद्यापीठ. नंदीनगरच्या त्या मोठ्या कमानीवरून आपण कितीदा जातो, पण देशभर गाजलेल्या मुधोळ कुत्र्याचा कारभार तिथून चालतो हे बीदरच्याही अनेकांना माहीत नाही. तिम्मापूरची पिल्लं २०१६ मध्ये लष्कराच्या मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणाला गेली. परदेशी जातीच्या कुत्र्यांवर चालणाऱ्या लष्करात देशी जात अशी प्रथमच घेतली गेली. पुढं हवाई दलानंही धावपट्टीवरचे पक्षी हाकलण्यासाठी ही पिल्लं नेली. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये या जातीचं नाव घेतलं आणि मग काय, ज्याला त्याला मुधोळ पाहिजे झालं.

मागणी वाढली की पिकण्याआधी आंबा उतरवतात, तसंच पिल्लांचं झालं.

डोळे उघडेपर्यंत काम आईचं

पिल्लू जन्मतं तेव्हा आंधळं आणि बहिरं असतं. अंगाची ऊबही त्याला स्वतःला धरता येत नाही. साधारण दहा ते चौदा दिवसांत डोळे उघडतात, कान त्याच्या थोडं नंतर. पहिल्या दिवसाचं चिकाचं दूध पोटात गेलं पाहिजे, कारण आईच्या अंगातली रोगाशी लढायची ताकद त्यातून येते. आईलाच कधी लस दिली नसेल तर ती ताकद कमी. म्हणून शहाणा माणूस कुत्री फळवायच्या आधीच तिची लस आणि जंताचं औषध करून घेतो.

या दिवसांत माणसाचं काम थोडं आहे, पण चुकवायचं नाही. खाली कोरडं गोणपाट, थंडीच्या रात्री वाऱ्याचा आडोसा, आणि रोज पिल्लांचं वजन. वजनाला किराणा दुकानातला काटा चालतो. वहीत रोजचा आकडा लिहायचा. एखाद्या पिल्लाचं वजन दोन दिवस वाढलं नाही तर ते मागे पडतंय, त्याला मागच्या आचळाला लावा, बाकीच्यांना थोडं बाजूला ठेवा. रोज हातात घेतल्यानं त्याला माणसाच्या हाताची सवय लागते, तीही फुकटात.

जंताचं औषध दोन आठवड्यांपासून सुरू करायचं असतं, हे ऐकून लोक हसतात. "एवढ्याशा जिवाला औषध?" म्हणतात. पण गोलजंत पिल्लाला आईच्या पोटातच लागतात. पिल्लाचं पोट फुगलेलं दिसतं ते दुधानं नव्हे, जंतानं. आणि त्या जंताची अंडी विष्ठेतून मातीत जातात, मातीत खेळणाऱ्या लेकरांच्या पोटात जातात. औषधाचं माप वजनावर ठरतं, म्हणून ते डॉक्टरांना विचारूनच द्यावं.

चौथ्या आठवड्यापासून खरी शाळा

आता मूळ मुद्दा. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लाच्या मेंदूचं दार उघडं असतं. या काळात जे बघितलं, ऐकलं, हुंगलं ते त्याच्या लेखी आपलं. जे बघितलं नाही ते परकं, म्हणजे भीतीचं. अमेरिकेत बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत स्कॉट आणि फुलर या दोघांनी अनेक वर्षं पिल्लांवर अभ्यास करून हे मांडलं, त्यांचा ग्रंथ १९६५ सालचा. तिथल्याच एका प्रयोगात काही पिल्लं कुंपणाच्या मोठ्या शेतात माणसाचा संबंध न येऊ देता वाढवली होती. चौदाव्या आठवड्यापर्यंत माणूस न दिसलेली पिल्लं पुढं माणसाळली नाहीत, रानटी जनावरासारखी वागली. ती काही लांडग्याची नव्हती, घरगुती बीगल आणि स्पॅनियलचीच होती.

आपल्या धनगरांना हे प्रयोगशाळेशिवाय माहीत आहे. मेंढरांच्या तळावर वाढलेलं पिल्लू मेंढराच्या अंगावर जात नाही, कारण डोळे उघडल्यापासून ते त्यांच्यात असतं. तेच पिल्लू सहा महिन्यांचं झाल्यावर मेंढरांत सोडा, मग बघा.

मग कुणी म्हणेल, दार बाराव्या आठवड्यापर्यंत उघडं असेल तर महिन्याचंच आणलेलं बरं की, आपल्याच घरात शिकेल. इथंच गल्लत होते. चौथ्या ते आठव्या आठवड्यात पिल्लू जे शिकतं त्यातलं अर्धं शिकवणारे आपण नसतो, त्याची आई आणि भावंडं असतात. खेळताना एक दुसऱ्याला जोरात चावलं की दुसरं केकाटतं आणि खेळ बंद करतं. आई दूध सोडवताना दात लागले की गुरकावते, तोंडानं दाबून धरते. चावायचं किती, थांबायचं कुठं, हे माप पिल्लाला अशा दिवसभरातल्या भांडणांतून कळतं. तिसाव्या दिवशी एकटं काढलेल्या पिल्लाला हे माप मिळत नाही. ते मोठं झाल्यावर खेळता खेळता लेकराचा हात फोडतं, आणि आपण म्हणतो कुत्रं माजलं. मग साखळी, मग काठी, आणि शेवटी एखाद्या रात्री सस्तापूर बंगल्यापुढं हायवेच्या कुठल्या तरी ढाब्याजवळ नेऊन सोडणं. अशी पट्ट्याचा व्रण असलेली कुत्री रस्त्याकडेला कितीतरी दिसतात.

पिल्लं वाढवणाऱ्यानं या चार-पाच आठवड्यांत काय करावं? ज्यांच्याकडे पिल्लं नीट निपजतात त्यांच्या घरी गेल्यावर एक गोष्ट लगेच दिसते. पिल्लं गोठ्यामागच्या पिंजऱ्यात नसतात, माणसांच्या वावरात असतात. ओसरीच्या कोपऱ्यात, स्वयंपाकघराच्या दाराशी. कुकरची शिट्टी, मिक्सर, ताटली पडल्याचा आवाज, बोअरची मोटर, ट्रॅक्टर, फटफटी हे सगळं त्यांच्या कानावरून जातं. आवाज लांबून सुरू करायचा आणि त्याच वेळी खायला द्यायचं. हलगी एकदम कानाशी वाजवून "धीट होऊ दे" म्हणणारे महाभाग आहेत. त्यानं पिल्लू धीट होत नाही, आयुष्यभर हलगीला भितं. आठव्या आठवड्याच्या आसपास पिल्लू जरा जास्तच बिचकतं, त्या दिवसांतला धक्का फार काळ राहतो.

माणसंही वेगवेगळी दिसली पाहिजेत. म्हातारं काठीचं माणूस, पटक्याचं, बुरख्याचं, हेल्मेटचं, पळणारं लेकरू. गल्लीतल्या पोरांना पिल्लं हाताळू द्यावीत, पण बसून, मोठ्या माणसाच्या देखत आणि आधी हात धुवून. मान धरून उचलू देऊ नये. पायाखाली फरशी, माती, वाळू, पत्रा सगळं यावं. रोज एकदा कान, पंजे, तोंड उघडून बघावं, म्हणजे पुढं डॉक्टरांपुढं ते अंग आखडत नाही. मुधोळ जातीला परक्याचा हात तसाही आवडत नाही, त्यामुळे या जातीत हे काम दुप्पट करावं लागतं.

कोंबड्यांचं वेगळं सांगतो. मुधोळ हा नजरेनं शिकार धरणारा कुत्रा आहे. पळणारं दिसलं की धावणं त्याच्या रक्तात. उंची सव्वादोन फुटांच्या आसपास आणि पाय असे की कोंबडी, मांजर, करडू दोन ढेंगांत गाठतो. शेजाऱ्याच्या कोंबडीवरून पुढं भांडण व्हायचं नसेल तर सहाव्या आठवड्यापासूनच पिल्लाला कोंबड्या, शेळ्या रोज दाखवाव्यात, हातात धरून, शांत बसलं की तुकडा देऊन. सवय पूर्ण जाणार नाही, पण मालकाच्या हाकेवर थांबण्याइतका ताबा येतो. आणि सशाच्या, हरणाच्या शिकारीसाठी पिल्लू शोधणाऱ्यांनी हेही ऐकून ठेवावं : १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ती शिकार गुन्हा आहे. काळवीट तुरीत घुसतो हे खरं, त्रास होतो हेही खरं, पण कुत्रं सोडून त्याचा फडशा पाडला तर मालक आत जातो, कुत्रा नाही.

खाण्याचं. तीन आठवड्यांनंतर पातळ, मऊ खाणं चाटायला द्यायचं. आपल्याकडे सरसकट भाकर-दूध देतात. नुसत्या ज्वारीच्या भाकरीवर पिल्लाचं हाड धरत नाही, आणि म्हशीचं जास्त दूध दिलं की हगवण लागते. भाकर कुस्करून त्यात उकडलेलं अंडं, दही, बिनहाडाचं मऊ शिजवलेलं मटण असं काही पाहिजे. ज्या घरात अंडं-मटण येत नाही तिथं बाजारात मिळणारं पिल्लांचं कोरडं खाद्य भिजवून द्यावं, त्यात कमीपणा मानू नये. शिजवलेल्या कोंबडीची हाडं, कांदा, चॉकलेट आणि द्राक्षं मात्र अजिबात नाहीत.

प्रत्येक वेळी खायला देताना एकच शिट्टी किंवा एकच हाक. आठवड्याभरात ती शिट्टी ऐकली की सगळी पिल्लं धावत येतात. हेच पुढचं 'ये'. सहाव्या आठवड्यात थाळी वर धरली की पिल्लू वर बघत आपोआप खाली बसतं, बसलं की थाळी खाली ठेवायची. हेच पुढचं 'बस'. काठी लागत नाही. शी-शूसाठी झोपून उठल्याबरोबर आणि खाल्ल्याबरोबर ठरलेल्या जागी नेऊन उभं करायचं. घरात केली तर नाक घासू नये. त्याला एवढंच कळतं की माणसासमोर करायची नाही, मग ते कॉटखाली करतं. सातव्या आठवड्यात दिवसातून काही मिनिटं एकेका पिल्लाला भावंडांपासून वेगळं ठेवावं, गळ्यात हलका पट्टा घालावा, एखादी गाडीची चक्कर मारावी. पुढच्या ताटातुटीची ती तयारी असते.

आपल्या सीमाभागाची एक गंमत म्हणजे भाषा. वडील म्हणतात 'बस', सालगडी म्हणतो 'कुंद्रु', शेजारचे चाचा म्हणतात 'बैठ'. पिल्लाला मराठी, कन्नड, दखनी तिन्ही शिकवता येतात, पण एका वेळी तीन शब्द कानी पडले तर ते एकही धरत नाही. एक शब्द ठरवा आणि घरातल्या सगळ्यांनी तोच वापरा. पिल्लू देणाऱ्यानं कुठला शब्द वापरलाय ते विचारून घ्या. भाषिक अस्मिता इथं बाजूला ठेवलेली बरी.

हिशोब कुणाच्या वहीत?

एवढं सगळं माहीत असून महिन्याचं पिल्लू का विकलं जातं? मी कॉमर्सचा विद्यार्थी, मला यात हिशोब दिसतो. महिनाभर पिल्लू आईच्या दुधावर असतं, म्हणजे विकणाऱ्याला खर्च फक्त कुत्रीच्या खाण्याचा. तिसाव्या दिवसापासून सहा पिल्लांची सहा तोंडं सुरू होतात. खाद्य, जंताचं औषध, लस, रोजची साफसफाई. त्यात एखादं मेलं तर तोटा. म्हणजे खर्च सुरू व्हायच्या नेमक्या दिवशी माल हातावेगळा केला जातो. खर्च आणि मरणाचा धोका, दोन्ही घेणाऱ्याच्या वहीत जातात. घेणाऱ्यालाही वाटतं लवकर मिळालं, स्वस्त मिळालं.

यात विकणाऱ्याला नुसता खलनायक करून उपयोग नाही. मुधोळ भागात आणि आपल्याकडेही पिल्लं वाढवणारे बहुतेक जण शेतमजूर, मेंढपाळ, लहान शेतकरी आहेत. त्यांना तीन-चार आठवडे जास्त थांबायला सांगायचं तर त्या दिवसांचे पैसे कोणीतरी दिले पाहिजेत. मार्ग आपल्याकडे जुनाच आहे : इसार. तिसाव्या दिवशी जाऊन पिल्लू पसंत करा, इसार द्या, खाद्य आणि लसीचे पैसे वेगळे द्या, कागदावर लिहून घ्या, आणि छप्पन्न दिवसांनी उचला. ऊस, हरभरा, म्हैस सगळ्याचा इसार चालतो, मग पिल्लाचा का नको? थोडे पैसे जास्त जातील. पार्वोच्या सलाईनला त्याहून जास्त जातात, मी देऊन बघितलेत.

कायदाही हेच सांगतो. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत. त्यानुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. पैदास करणाऱ्यानं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. दीड वर्षाच्या आतली कुत्री फळवायची नाही आणि तिच्या आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेत घ्यायचे नाहीत. आपल्या गावांत हे नियम कोणी विचारत नाही, हेही तितकंच खरं. पण घेणारा विचारायला लागला तर विकणारा आपोआप सांभाळून राहतो.

तारखा डोक्यात बसाव्यात म्हणून एक उदाहरण घेऊ. पिल्लू १ नोव्हेंबरला जन्मलं. १५ नोव्हेंबरला पहिलं जंताचं औषध, मग दर पंधरा दिवसांनी, बारा आठवड्यांचं होईपर्यंत. १३ डिसेंबरच्या सुमारास, म्हणजे सहा आठवड्यांचं झाल्यावर, पार्वो आणि डिस्टेंपरच्या एकत्र लसीचा पहिला डोस. २७ डिसेंबरच्या आधी घर सोडायचं नाही. जानेवारीच्या पहिल्या दहा दिवसांत दुसरा डोस आणि असेच तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं डोस, शेवटचा २१ फेब्रुवारीच्या आसपास, सोळा आठवड्यांचं झाल्यावर. मध्ये २४ जानेवारीला, बारा आठवडे भरले की, रेबीजची लस. एकच डोस देऊन का भागत नाही? तर आईकडून मिळालेली ताकद अंगात असेपर्यंत ती लसीलाच मारते. ती कधी संपते ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं, म्हणून पुन्हा पुन्हा द्यावी लागते.

लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला गल्लीत जमिनीवर सोडू नये. पण घरात कोंडूही नये, नाहीतर ते दार बंद होऊन जातं. कडेवर घेऊन फिरवा, बाजार दाखवा, लस झालेल्या ओळखीच्या कुत्र्याशी भेट घडवा. घरात आधी पार्वो होऊन गेला असेल तर फरशी ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं धुवा. फिनाईलवर विसंबून राहू नका. मातीच्या अंगणाला मात्र उपाय नाही, तिथं वाट बघणं एवढंच.

घेताना दातच बघा

बैलाची युक्ती इथंही चालते. पिल्लाचे दुधाचे दात तिसऱ्या आठवड्यापासून येतात, आठ आठवड्यांपर्यंत सगळे अठ्ठावीस दिसतात. पुढचे दात आणि सुळे आहेत पण मागच्या दाढा अजून हिरडीत आहेत, तर विकणारा काही म्हणो, दोन महिने झालेले नाहीत. दुसरं, आई दाखवा म्हणा. आई माणसाला बघून दात विचकत असेल किंवा कोपऱ्यात दडत असेल तर पिल्लंही बहुधा त्याच वळणाची निघतात. "आई शेतात आहे" असं दोनदा ऐकलं तर परत फिरा. तिसरं, टाळी वाजवा. चांगलं पिल्लू दचकतं आणि क्षणभरात काय आहे ते बघायला पुढं येतं. दचकून दहा मिनिटं खाली दडलेलं पिल्लू दयेपोटी घेऊ नका, ते सावरायला जाणता माणूस लागतो. आणि लसीचं पुस्तक मागा. त्यात लसीच्या बाटलीवरचं लेबल चिकटवलेलं आणि डॉक्टरांची सही-शिक्का असला पाहिजे. नुसती पेनानं लिहिलेली तारीख चालत नाही.

देणाऱ्यानं पिल्लासोबत दोन गोष्टी द्याव्यात : चार दिवस पुरेल एवढं तेच खाद्य आणि आईच्या अंगाखालचं गोणपाटाचं किंवा जुन्या लुगड्याचं तुकडं. पहिल्या रात्री पिल्लू रडतं. आपल्याकडे रडणारं पिल्लू गोठ्यात बांधतात, "रडून रडून गप होतंय" म्हणतात. त्याच्या आयुष्यातली ती पहिलीच एकटी रात्र असते. ते तुकडं त्याच्या खोक्यात घाला, खोकं आपल्या अंथरुणाजवळ ठेवा, हात आत सोडा. तीन-चार रात्रींत सवय होते, मग खोकं रोज थोडं दाराकडे सरकवत न्या. साखळीनं बांधायची घाई करू नका. मुधोळ हे पळायचं कुत्रं आहे, दिवसभर बांधलं की बिघडतंच.

शेवटचं आणि सगळ्यांत महत्त्वाचं रेबीजचं. लहान पिल्लाचा दात लागला तर लोक हळद लावून विसरतात. पिल्लालाही रेबीज होऊ शकतो आणि बारा आठवड्यांच्या आत त्याला लस झालेली नसते. ओरखडा जरी आला तरी वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचं. सांगतील तेवढ्या सगळ्या सुया पूर्ण करायच्या, दोन घेऊन सोडायच्या नाहीत. मिरची, चुना, मंत्र काही नाही. रेबीज एकदा उठला की औषध नाही.

कुत्र्यांची रेबीजची लस जागतिक रेबीज दिनाच्या, म्हणजे २८ सप्टेंबरच्या सुमारास अनेक सरकारी पशुदवाखान्यांत मोफत मिळते. पार्वोची लस बऱ्याचदा बाहेरून विकत आणावी लागते. ती आणताना बर्फात ठेवूनच आणा, उन्हात खिशात आणलेली लस म्हणजे पाणी. पिल्लू अचानक आजारी पडलं तर १९६२ हा जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा नंबर कर्नाटकात आणि पलीकडे महाराष्ट्रातही चालतो. फोन करताना वय, वजन आणि शेवटचा डोस कधी झाला ते सांगा, म्हणजे वही हाताशी ठेवूनच फोन करा.